थॉमस मिजली नावाचा इंजिनिअर

मराठी सेक्शनसाठी काहीतरी लिहून दे असं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलण्यापुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

आमच्या रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात शेवटी टेबल्स आहेत. त्यात आर-१२ चं टेबल अजूनही आहे. हा गॅस बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी आपण त्याची गणितं सोडवतोच. हा गॅस रेफ्रिजरेटरमध्ये आणला कोणी, हे शोधताना मला थॉमस मिजली भेटला. तोही आपल्यासारखाच मेकॅनिकलवाला, म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

मिजलीचा जन्म १८८९ चा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स गावी. वडील टायरच्या क्षेत्रातले संशोधक. १९११ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. केमिस्ट्रीची पदवी त्याच्याकडे नव्हती, पण खिशात पिरिऑडिक टेबल घेऊन फिरावं इतका त्याला त्याचा नाद होता. १९१६ मध्ये तो डेटन इथे चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत लागला. केटरिंग म्हणजे मोटारीचा सेल्फ स्टार्टर करणारा माणूस.

तिथे त्याला मिळालेलं काम म्हणजे नॉकिंग. आय. सी. इंजिनच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न! ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके मारायला लागतं. मिजलीने पेट्रोलमध्ये काय काय मिसळून पाहिलं त्याला गणती नाही. आयोडीन, अॅनिलिन, सेलेनियम, टेल्युरियम. टेल्युरियमचा वास म्हणे अंगाला असा चिकटायचा की आंघोळ करूनही जायचा नाही. शेवटी डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथाइल लेड सापडलं. चिमूटभर टाकलं की नॉकिंग गायब.

शिसं विषारी असतं हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून विकताना नाव ठेवलं नुसतं इथाइल, लेडचा पत्ताच नाही. १९२३ च्या सुरुवातीला मिजलीला स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि तो विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन तडफडून मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर त्या द्रवाने हात धुतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. फ्लोरिडाची गोष्ट अर्थातच सांगितली नाही.

इथे माझं त्याच्याशी बिनसलं. चूक होणं वेगळं, आणि माहीत असून हात धुणं वेगळं. अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग कमी होतं हे त्याला माहीत होतं, पण शिशावर पेटंटचा पैसा होता, अल्कोहोलवर नव्हता. आज आपल्याच पंपांवर पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, हे पाहून त्याला काय वाटलं असतं कोण जाणे. भारतात लेडवालं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.

आता दुसरी गोष्ट. १९२८ साल. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथाइल क्लोराइड असायचं. पाइप फुटला की घरातल्यांच्या जिवावर बेतायचं. केटरिंगने मिजलीला सांगितलं की विषारी नसलेला आणि पेट न घेणारा गॅस शोध. मिजली आणि त्याचा सहकारी अल्बर्ट हेन यांनी पिरिऑडिक टेबल समोर ठेवलं आणि तीन दिवसांत उत्तराशी पोचले : कार्बनला दोन क्लोरीन आणि दोन फ्लोरीन. हाच आपला आर-१२, म्हणजे फ्रिऑन.

यात एक गंमत आहे. गॅस बनवायला लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच बाटल्या त्यांनी मागवल्या होत्या. एक उचलली, गॅस बनवला, गिनीपिगला हुंगवला. गिनीपिग मजेत! दुसऱ्या बाटलीतून बनवला तर गिनीपिग मेला. नंतर कळलं की पाचापैकी फक्त एकाच बाटलीतला माल शुद्ध होता, बाकीच्यांमुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. पहिल्यांदाच खराब बाटली हातात आली असती तर त्यांनी कदाचित तो नादच सोडला असता. लॅबमध्ये रीडिंग चुकलं की मला आता हीच गोष्ट आठवते.

१९३० मध्ये केमिस्ट लोकांच्या सभेत मिजलीने हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. आणि या वेळी तो खोटं बोलत नव्हता. ओझोनचं काय होईल हे १९३० मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून या दुसऱ्या शोधासाठी मी त्याला दोष देत नाही, पहिल्यासाठी देते. माझी रूममेट म्हणते की हा फरक मरणाऱ्याला कळत नाही. यावर आमचं रात्री एक वाजेपर्यंत भांडण झालं आणि वॉर्डन मॅडम येऊन ओरडून गेल्या.

फ्रिऑनचा गुण तोच त्याचा दोष ठरला. तो कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून नष्टही होत नाही. हळूहळू वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचतो. तिथे अतिनील किरण त्याचा क्लोरीन सुटा करतात. हा क्लोरीन ओझोनचा एक ऑक्सिजन पळवतो, पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनला धरतो. असा एक अणू एक लाखापर्यंत ओझोनचे रेणू संपवू शकतो. आणि ओझोन आहे तरी किती? सगळा खाली आणून दाबला तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर! तेवढ्यावर आपली कातडी, आपले डोळे, शेतातली पिकं आणि समुद्रातलं प्लवक टिकून आहे. तो विरळ झाला की त्वचेचा कॅन्सर वाढतो, मोतीबिंदू वाढतो.

हे गणित मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर ओझोनचं भगदाड दिसलं, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा मी साठी ओलांडलेली असेन.

मिजलीने यातलं काहीच पाहिलं नाही. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला, पाय गेले. इंजिनिअरच तो, स्वतःला पलंगावरून उचलायला त्याने दोऱ्या आणि पुलींची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांमध्ये गळा आवळून तो मेला. वय ५५. काहींच्या मते ती आत्महत्या होती. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता आणि नावावर शंभराहून जास्त पेटंट्स होती.

आता हे सगळं मी का शोधत बसले ते सांगते. माझे बाबा मिरजेत फ्रिज दुरुस्त करतात. त्यावरच आमची फी भरली गेली, कॉन्व्हेंटचीसुद्धा. माझ्या जन्माआधी जुना फ्रिज आला की आतला उरलेला गॅस ते सरळ हवेत सोडून द्यायचे, मग नवीन भरायचे. तेव्हा सगळेच मेकॅनिक तसं करायचे, कुणी सांगितलंच नव्हतं. आर-१२ हवेत साधारण शंभर वर्षं टिकतो. म्हणजे बाबांनी सोडलेला बराचसा गॅस अजून वर आहे.

मी हे त्यांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं की त्या एका बाटलीतला माल चांगला आहे हे त्या लोकांना कळलं कसं. मी गिनीपिगची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली.