एल्फिन्स्टन आणि दान्तेची पोथी

पेशवाई बुडविणारा मुत्सद्दी म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन महाराष्ट्रास परिचित आहे. त्याचे ग्रंथप्रेम मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी एका स्कॉटिश सरदार घराण्यात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १७९६ मध्ये, कंपनीच्या नोकरीसाठी तो कलकत्त्यास उतरला. शालेय शिक्षण तुटपुंजेच होते. ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचा खरा व्यासंग त्याने हिंदुस्थानातच, छावणीत आणि प्रवासात केला. फारसी काव्याचीही गोडी त्यास येथेच लागली.

१८०३ साली असईच्या रणांगणावर तो आर्थर वेलस्लीसमवेत होता. पुढील वर्षी नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी त्याची रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली. बुढातलावाकाठचे रायपूर आणि सारा छत्तीसगढ तेव्हा याच दरबाराच्या अमलाखाली होता. तेथील चार वर्षांत दरबारी खलबतांवर नजर ठेवून उरलेला वेळ त्याने ग्रंथांना दिला. १८०८ मध्ये त्यास काबूलच्या शाहाकडे वकील म्हणून धाडण्यात आले. त्या कामगिरीतून अफगाणिस्तानावरील त्याचा ग्रंथ १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुण्यास रेसिडेंट असता ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली. त्याच दिवशी संगमावरील रेसिडेन्सी जाळण्यात आली आणि वर्षानुवर्षे जमविलेली त्याची पुस्तके व कागदपत्रे भस्मसात झाली. एका राज्याचा अस्त आणि एका ग्रंथसंग्रहाचा नाश असे एकाच दिवशी घडून आले. तथापि, विजयानंतर त्याच्या कारभारात सूडाची छाया दिसत नाही. इनामे व वतने त्याने बव्हंशी चालू ठेवली, पेशव्यांच्या दक्षिणेतील काही रक्कम विद्येकडे वळविली आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. अर्थात यात उदारतेइतकेच राजकारणही होते. विद्वानांना दुखवून राज्य टिकत नाही, हे तो पुरते जाणून होता.

१८१९ ते १८२७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. सर जेम्स मॅकिन्टॉश याने १८०४ मध्ये स्थापिलेल्या लिटररी सोसायटीचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. याच संस्थेस त्याने दान्तेच्या 'दिव्हिना कोमेदिया'ची सुशोभित हस्तलिखित पोथी अर्पण केली. या काव्यात नरकाची वाट दान्तेस दाखवितो तो लॅटिन महाकवी व्हर्जिल होय. त्यामुळे लॅटिन वाङ्मयाच्या या उपासकाच्या हातून असे दान व्हावे, हे उचितच होते. मुसोलिनीच्या राजवटीने ही पोथी मोठ्या किमतीस मागितली व संस्थेने नकार दिला, अशी कथा सांगितली जाते. पोथी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

मायदेशी परतल्यावर गव्हर्नर-जनरलपद त्याने नाकारले, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी सरे परगण्यात देह ठेवला. त्याने जिंकलेले राज्य पुढे इंग्रजांच्याही हातून गेले. दिलेली पोथी मात्र येथेच राहिली.