पंचवीस लाख पावलं

आमच्या कॉन्व्हेंटच्या जॉग्रफीच्या पुस्तकात कोलंबस होता, लिव्हिंगस्टन होता. नैनसिंह रावत मात्र नव्हते! ते मला भेटले सिव्हिलला आल्यावर, सर्व्हेइंगच्या निमित्ताने. मित्रांनो, चेन-टेप हातात धरणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस माहीत असायलाच हवा.

जन्म १८३० चा, कुमाऊंमधल्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या बर्फाळ खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करायचे. त्यामुळे तिबेटी भाषा, चालीरीती घरच्याच. पुढे नैनसिंह शाळामास्तर झाले, म्हणून 'पंडित'.

त्या काळी तिबेट परक्यांना बंद होतं. इंग्रजांच्या नकाशावर हिमालयापलीकडे जवळजवळ कोरा कागद! तेव्हा सर्व्हे खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरीने युक्ती काढली, इथल्याच माणसांना शिकवून पाठवायची. १८६३ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह डेहराडूनला ट्रेनिंगला आले.

पहिला धडा चालण्याचा. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. मैलाला साधारण २००० पावलं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर १०० पावलांना एक मणी पुढे. म्हणजे माळ एकदा फिरली की १०,००० पावलं, पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींचे कागद. सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात, पारा कवड्यांमध्ये. रात्री तो पारा वाटीत ओतायचा, की कृत्रिम क्षितिज तयार!

१८६५ मध्ये ते काठमांडूहून निघाले. सरहद्दीवर अडवलं गेलं, तेव्हा मागे फिरले आणि लडाखी व्यापारी बनून पुन्हा गेले. जानेवारी १८६६ मध्ये ल्हासा गाठलं. पैसे संपले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरलं. परवानगीशिवाय आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद त्यांनी तिथेच पाहिला. आपलं सोंग उघडं पडलं तर काय, हे वेगळं सांगायला नको होतं. तरी मोजणी चालूच. परतताना त्सांगपोच्या काठाने मानसरोवरापर्यंत चालले. एकूण सुमारे १२०० मैलांची मोजणी, ३१ ठिकाणांचे अक्षांश, ३३ ठिकाणांची उंची. मैल पावलांत मोजले तर जवळजवळ पंचवीस लाख भरतात!

१८७४ मध्ये ते पुन्हा निघाले. या वेळी लेहहून, लामाच्या वेषात, पाठीवर ओझी लादलेल्या मेंढ्या घेऊन. चांगथांगचं उजाड पठार, खाऱ्या पाण्याची सरोवरं, ल्हासा, मग तवांग. तवांगला त्यांना अडकवून ठेवलं. सुटका झाल्यावर मार्च १८७५ मध्ये ते आसामात उतरले. या सगळ्यात तब्येत खालावली, डोळे अधू झाले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. आपल्या पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं ते २००४ मध्ये.

मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू? ही पावलं तपासायला सोबत कोणीच नव्हतं. दमल्यावर दोन मणी उगाच पुढे सरकवले असते, तर बघणारं कोण होतं? आमच्याकडे ट्रॅव्हर्स बंद झाला नाही, की रीडिंग 'अॅडजस्ट' करायची भाषा लगेच सुरू होते. इथे तर जीव धोक्यात होता, तरी आकडा खरा ठेवला.

हे नकाशे साम्राज्यासाठी होते, हेही विसरता येत नाही. १९०४ मध्ये इंग्रजांची फौज ल्हासात शिरली. ज्यांनी त्यांना आसरा दिला, हिशेब शिकायला घरी बोलावलं, त्यांच्यापासून नैनसिंहांनी आपली खरी ओळख लपवली होती. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आपण मोजतो ते कोणासाठी, हा प्रश्न आपल्यालाही कधीतरी पडणार आहे.

आज मोबाईलमधलं जीपीएस क्षणात जागा दाखवतं. पुढच्या वेळी ग्राउंडवर उन्हात उभं राहून कंटाळा आला ना, तर फक्त शंभर पावलं मोजून बघा. सारखी पडतात का?