चित्रकार आंजेलो द फोन्सेका

गोव्यातील तिसवाडी तालुक्यात सांत इस्तेव्ह नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील लोक त्यास जुवें म्हणतात. त्या बेटावरची भेंडी व इतर भाजीपाला साऱ्या गोव्यात नावाजलेला असल्यामुळे भाजीचे बेट असेही त्याचे एक नाव रूढ आहे. चहूंकडे खाडीचे पाणी, मध्ये मळे आणि मळ्यांच्या कडेला पांढरेशुभ्र चर्च, हे दृश्य वसईच्या वाड्यांतून वाढलेल्या आमच्या वाचकांस परके वाटणार नाही. ह्याच बेटावर १९०२ साली एका सधन ख्रिस्ती जमीनदार घराण्यात आंजेलो द फोन्सेका ह्यांचा जन्म झाला.

त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. अशा घराण्यांतील हुशार मुलाने डॉक्टर, वकील अथवा धर्मगुरू व्हावे, अशी वडीलधाऱ्यांची साहजिक इच्छा असे. आंजेलोही वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १८४५ साली स्थापन झालेल्या त्या कॉलेजात प्रवेश मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्यांचे चित्त शरीरशास्त्रात रमले नाही, ते रंगरेषांकडे ओढ घेत राहिले. शेवटी वैद्यकीस रामराम ठोकून त्यांनी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची वाट धरली. आमच्या वाचकांत जे पालक असतील, त्यांना हे वाचून थोडा धक्का बसेल. तो त्या वेळीही अनेकांना बसला असेल, ह्यात संशय नाही. हाती आलेला मानाचा धंदा सोडून, ज्यात पोट भरेल की नाही ह्याचीच शाश्वती नाही अशा विद्येमागे जाणे, ह्यास धैर्य लागते.

मुंबईच्या कलाशाळेतही त्यांचे समाधान झाले नाही. तेथील शिक्षणाची घडण विलायती होती. ग्रीक व रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला समोर मांडून विद्यार्थ्यांनी त्या हुबेहूब रेखाटाव्यात, ही तेथील जुनी वहिवाट. हात त्याने खरोखर तयार होई, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यास आपल्या देशाची चित्रभाषा हवी होती, त्यास ती तेथे गवसेना. तेव्हा आंजेलोंनी बंगालची वाट धरली.

बंगालात त्या वेळी भारतीय चित्रकलेच्या पुनरुज्जीवनाची मोठी चळवळ चालू होती. तिचे आद्य पुरुष अवनींद्रनाथ ठाकूर. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन निघाले होते, आणि अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस तेथील प्रमुख होते. ह्या दोघांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य आंजेलोंस लाभले. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांच्या सहवासातून जलरंगाची एक निराळी रीत सिद्ध केली होती. कागदावर पातळ रंग द्यावयाचा, तो वाळला म्हणजे सबंध कागद पाण्यात बुडवावयाचा, पुन्हा रंग द्यावयाचा, पुन्हा बुडवावयाचा. असे अनेक वेळा केले म्हणजे रंगाचा भडकपणा निघून जातो आणि पहाटेच्या धुक्यासारखी एक मऊ झाक मागे राहते. ह्या कामी उतावळेपणा चालत नाही. आंजेलोंच्या पुढील साऱ्या चित्रांत जी शांतता दिसते, तिचे मूळ बहुधा ह्या शिस्तीत असावे, असे आम्हांस वाटते.

शांतिनिकेतनात त्यांस तंत्राखेरीज आणखी एक लाभ झाला. तेथे गुरू व शिष्य एकत्र राहात, झाडाखाली वर्ग भरत, सण आला की सारे मिळून आल्पना काढीत, आसपासच्या संथाळ वस्त्यांत जाऊन चित्रे रेखाटीत. कला ही चार माणसांत राहून, चार माणसांसाठी करावयाची गोष्ट आहे, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. परत जाऊन आपल्या लोकांच्या मंदिरांसाठी चित्रे काढ, असा सल्ला अवनींद्रनाथांनी त्यांस दिला, असे सांगतात.

१९३१ च्या सुमारास आंजेलो गोव्यास परतले. आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग उभा राहिला. त्यांनी पवित्र मरियेस साडी नेसवली, तिचा वर्ण गव्हाळ केला, चेहरा आपल्याकडील मायबहिणीचा काढला. गोव्यातील पुष्कळ धर्मनिष्ठ मंडळींस हे मुळीच रुचले नाही. चार शतके त्यांनी गोरी, निळ्या डोळ्यांची मूर्ती पाहिली होती. तीच खरी, बाकी सारी विटंबना, असे त्यांच्या मनाने घेतले. ह्यावर आम्ही गोव्याच्या लोकांस हसू नये. आमच्या वसईतील आज्या लुगडे नेसून मिस्सास जात आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. पण तेच लुगडे चित्रातील मरियेच्या अंगावर दिसले असते, तर किती जणांनी भुवया उंचावल्या असत्या, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा. लहानपणी ज्या मूर्तीपुढे हात जोडले ती बदललेली पाहणे जड जाते.

घरच्यांच्या मायभूमीत मिळाला नाही तो आसरा आंजेलोंस पुण्यात मिळाला. फादर जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ साली अहमदनगरास ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापिला होता, आणि काही वर्षांनी पुण्यास शिवाजीनगर येथे त्याचा आश्रम उभा राहिला. आमचे मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या सहवासाने विन्स्लो भारले गेले होते. त्यांनी टिळकांचे इंग्रजीत चरित्रही लिहिले. आश्रमात इंग्रज व हिंदी बंधू एकत्र राहात, खादी वापरीत, जमिनीवर बसून एका पंक्तीस जेवीत. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून ख्यातनाम झालेले व्हेरियर एल्विन प्रथम ह्याच आश्रमात आले होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आश्रम अँग्लिकन पंथाचा, आणि आंजेलो रोमन कॅथॉलिक. त्या काळी ह्या दोन पंथांत आजच्यासारखे येणे-जाणे नव्हते. तरीही आश्रमाने त्यांस आपलेसे केले, आणि त्यांनीही आपला पंथ न सोडता तेथे वर्षानुवर्षे चित्रे काढली.

ह्या चित्रांचा आकार बहुधा लहान, कागदावरची, जलरंगातील. येशूजन्म, देवदूताचा संदेश, मरिया व एलिसाबेथ ह्यांची भेट, मिसर देशास पलायन असे विषय ते पुनःपुन्हा घेत. पात्रे मात्र आपल्याकडची. पायांत वहाणा नाहीत, अंगावर साधे वस्त्र, कोठे तेवणारी समई. पुण्याच्या आसपास दिसणारी माणसेच त्यांच्या कुंचल्यातून संत होऊन उतरली.

एकट्याने हे काम निभले नसते. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास, येशूसंघी व जन्माने स्पॅनिश, ह्यांनी आंजेलोंच्या कलेची थोरवी वेळीच ओळखली व त्यांस उत्तेजन दिले. एतद्देशीयांनी ज्या चित्रांस नाक मुरडले ती एका परदेशी पाद्र्याने उचलून धरावीत, हा योग मोठा मौजेचा. १९५० च्या पवित्र वर्षात रोमनगरीत मिशन-देशांतील कलेचे प्रदर्शन भरले, तेथेही आंजेलोंची चित्रे पोहोचली.

आंजेलोंनी वैद्यकी सोडली तेव्हा चित्र आणि औषध ह्या दोन वाटा एकमेकींस कोठे मिळतील, असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. पुढे १९३८ साली एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी पडून आरोग्यभवनात राहिला. अंथरुणात पडल्या पडल्या चित्रे काढल्याने आपल्या मनास उभारी येते, असा त्यास अनुभव आला, आणि मग तो शेजारच्या रुग्णांसही शिकवू लागला. १९४२ साली त्याने ह्या उपायास कलोपचार ह्या अर्थाचे नाव दिले. आता तो एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे, आणि आपल्या देशातही काही रुग्णालयांत व विशेष मुलांच्या शाळांत तो चालतो. आंजेलो ह्या अर्थाने उपचारक नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि आज ज्या विद्यार्थ्यांस हा व्यवसाय करावासा वाटतो, त्यांस वाटेत जे लागते तेच आंजेलोंसही शोधावे लागले होते: हात घडविणारा गुरू, काम समजून घेणारे सोबती, आणि निवांत बसण्यास एक जागा. गुरू त्यांस बंगालात भेटले, सोबती पुण्यात, आणि त्यासाठी घर सोडावे लागले.

१९५१ साली आंजेलोंचा आयव्ही मिनेझिस ह्यांच्याशी विवाह झाला. त्यानंतरच्या अनेक चित्रांतील मरियेच्या मुखावर ह्या पत्नीचीच छाया आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, आणि १९६२ ते १९६५ ह्या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देशोदेशींच्या भाषांस व कलांस उपासनेत दार उघडले. ज्या विचारापायी त्यांना मायभूमी सोडावी लागली होती, त्यास खुद्द धर्मसभेने मान्यता दिलेली त्यांनी हयातीत पाहिली. १९६७ च्या डिसेंबरात पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे शेकडो चित्रे राहिली. ती आयव्हीबाईंनी कित्येक वर्षे जिवापाड सांभाळली, आणि त्यांतील मोठा संग्रह शेवटी गोव्यासच परत गेला. पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात तो आज ठेवलेला आहे. पणजीहून मांडवी नदीचा पूल ओलांडला की पर्वरी लागते.