आगाखान आणि घोड्यांची वंशावळ

(द्वितीय वर्ष, कला)

पुण्याला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी येरवड्याचा आगाखान पॅलेस पाहिला असेल. १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी तेथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी तेथेच देह ठेवला. त्या दोन समाध्यांपुढे हात जोडून आपण परततो. ज्यांच्या नावाचा हा वाडा, ते आगाखान कोण होते हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही पडला नव्हता. तो पडला घोड्यांमुळे.

माझे वडील मुरुडच्या पुळणीवर घोडागाडी चालवतात. घोडी विकत घ्यायची झाली की बाबा तिचे दात पाहतात, चारही खूर उचलून पाहतात आणि शेवटी विकणाऱ्याला हमखास विचारतात, की हिची आई कशी होती. बापाविषयी विचारून उपयोग नसतो. तो बहुधा कुणालाच ठाऊक नसतो. पुढे शर्यतीच्या घोड्यांविषयीचे एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती लागले आणि त्यात येरवड्याच्या वाड्याचे हेच धनी भेटले. बाबांचा प्रश्न ते आईबाप दोघांकडून बारा पिढ्या मागे नेऊन विचारीत असत. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच; पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावे लागले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सर सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराचीस झाला. त्यांचे आजोबा इराणातून हिंदुस्थानात आले व मुंबईत स्थायिक झाले. हे घराणे इस्माइली पंथाच्या इमामांचे. आपल्याकडील खोजा समाज त्यांना गुरुस्थानी मानतो. आजोबा १८८१ मध्ये वारले. माझगावातील हसनाबाद ही त्यांची कबर. वडील १८८५ मध्ये पुण्यास निवर्तले आणि वयाच्या आठव्या वर्षी या मुलावर इमामपदाची जबाबदारी आली. कारभार आईने मोठ्या हुशारीने सांभाळला. गादीबरोबर आणखी एक गोष्ट वारशाने आली, ती म्हणजे घोड्यांची पागा. आजोबा आणि वडील दोघेही अरबी घोड्यांचे शोकीन होते. फारसी, अरबी व इंग्रजीचे धडे गिरवीत असतानाच हा मुलगा मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर वाढला.

त्यांच्या सार्वजनिक कार्याविषयी थोडक्यातच लिहितो. येरवड्याचा वाडा १८९२ चा. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधला असे सांगितले जाते. १८९७ च्या सुमारास मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्यांनी आपला एक बंगला डॉ. हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला आणि लोकांची भीती मोडावी म्हणून स्वतः उघडपणे लस टोचून घेतली. १९०६ मध्ये सिमल्यास व्हाइसरॉयला भेटलेल्या मुस्लिम शिष्टमंडळाचे ते नेते होते. पुढे मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये राष्ट्रसंघाच्या महासभेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद आहेत आणि राहणारच. पण तो प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे.

आता घोड्यांकडे वळू. शर्यतीच्या घोड्यांची जात थरोब्रेड. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी पूर्वेकडून इंग्लंडात आणलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन, हे या जातीचे मूळपुरुष. आजच्या कोणत्याही थरोब्रेडचा पितृवंश मागे नेला तर तो या तिघांपैकी एकापाशी थांबतो, आणि शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांचा डार्लीपाशी. १७९३ पासून इंग्लंडात यांची वंशनोंदवही छापली जाते. ज्याचे आईबाप त्या वहीत नाहीत त्याला जातीत प्रवेश नाही. म्हणजे हे सारे घोडे या ना त्या नात्याने एकमेकांचे भाऊबंदच! प्रश्न एवढाच उरतो, की जोडी लावताना नाते किती जवळचे असावे.

हा प्रश्न आपल्यालाही अपरिचित नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य. पण कित्येक जातींत मामाची मुलगी हक्काची. पितृवंश टाळायचा आणि मातृवंश पुन्हा जोडायचा, असा हा दुहेरी नियम आहे. १९२२ मध्ये सेवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा नात्याची जवळीक आकड्यांत मांडण्याची रीत दिली. तिच्याप्रमाणे, मामाच्या मुलीशी लग्न झाले तर होणाऱ्या अपत्यात कोणत्याही एका जागी आईकडचे व बापाकडचे जनुक एकाच पूर्वजाकडून उतरलेले असण्याची शक्यता सोळात एक. घोड्यात एकच पूर्वज दोन्हीकडून तिसऱ्या पिढीत आला तर ती बत्तीसात एक. पिढी एका बाजूने एकाने मागे गेली की शक्यता निम्मी होते. हे गणित मी वहीत पुनःपुन्हा करून पाहिले आणि जमल्यावर फार आनंद झाला, हे कबूल करतो.

नात्यातली पैदास, म्हणजे अंतःप्रजनन, का करतात? उत्तम पूर्वजाचे गुण पक्के व्हावेत म्हणून. पण त्याबरोबर त्याचे झाकलेले दोषही पक्के होतात. वीण घटते, शिंगरे अशक्त निपजतात. परके रक्त आणले तर जोम येतो, मात्र काय निपजेल याची खात्री राहत नाही. या दोहोंतला पेच इंग्लंडने सेंट सायमनच्या रूपाने अनुभवला होता. १८८१ मध्ये जन्मलेला हा घोडा एकही शर्यत हरला नाही, आणि पैदाशीतही नऊ वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिला. साहजिकच जो तो आपल्या घोड्या त्याच्याकडे, त्याच्या मुलांकडे, नातवांकडे पाठवू लागला. थोड्याच वर्षांत अशी अवस्था आली, की त्याच्या वंशजांसाठी त्याच्या रक्ताची नसलेली घोडी शोधावी लागे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचा पुरुषवंश इंग्लंडात जवळजवळ संपुष्टात आला. परदेशांत मात्र तगला.

अशा वेळी, १९२१ च्या सुमारास, आगाखान इंग्लंड-फ्रान्सच्या शर्यतींत उतरले. वय चव्वेचाळीसच्या आसपास. पैसा होता, पण नुसत्या पैशाने शर्यती जिंकता येत नाहीत हे मुंबईच्या मैदानावर वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यांनी दोन माणसे हाताशी धरली. एक जॉर्ज लॅम्बटन. हा इंग्रज ट्रेनर घोडा डोळ्यांनी पारखी. दुसरा फ्रेंच घोडदळातील निवृत्त अधिकारी कर्नल व्हिलिए. हा घोडा पाहण्याआधी कागद पाही. त्याने मोठमोठ्या विजेत्यांच्या वंशावळी बारा पिढ्यांपर्यंत मांडल्या. बाराव्या पिढीत ४,०९६ पूर्वज होतात! त्यांत पंधरा घोडे व पोकाहॉन्टस नावाची एक घोडी ठराविक प्रमाणात पुनःपुन्हा येतात, असे त्याला दिसले. मग प्रत्येक घोडीत यांपैकी कुणाचे रक्त कमी आहे व कुणाचे जास्त आहे हे मोजायचे आणि उणीव भरून काढील असा नर तिच्यासाठी निवडायचा. वैद्य मात्रा ठरवतो तसेच हे. म्हणजे जवळचे नाते की परके रक्त, या वादात व्हिलिए कुठल्याच पक्षाचा नव्हता. त्याला समतोल हवा होता. कर्नलच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने हेच काम आगाखानांसाठी पुढे चालू ठेवले. एका बाईने अशा पुरुषी धंद्यात वर्षानुवर्षे ही जोखीम पेलली, याचे मला विशेष वाटते.

आजचे शास्त्र व्हिलिएचे गणित मान्य करीत नाही. बाराव्या पिढीतील एका पूर्वजाचा वाटा सरासरी ४,०९६ त एक. तो निवडीचा आधार कसा व्हावा? मला वाटते, त्या गणिताचा खरा उपयोग वेगळाच झाला. सारा बाजार एकाच नामांकित घोड्यामागे धावत असताना आगाखानांना आपल्या घोडीपुरता वेगळा विचार करण्याची शिस्त त्याने लावली.

१९२२ मध्ये डॉन्कास्टरच्या लिलावात लॅम्बटनने त्यांच्यासाठी एक वर्षाची करडी शिंगी ९,१०० गिनींना घेतली. (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग.) तिचे नाव मुमताज महल. तिचा बाप टेट्रार्क. तोही करडा, अंगावर पांढरे ठिपके असलेला. त्याचा बाप रॉय हेरोड फ्रान्समधून आणलेला आणि त्याचा पितृवंश बायर्ली टर्कचा, म्हणजे इंग्लंडात विरळ झालेला. मुमताज महल विलक्षण वेगवान निघाली, पण तिचा खरा मोठेपणा तिच्या लेकीनातवंडांत दिसला. आणखी एक घोडी त्यांच्याकडे होती, फ्रायर्स डॉटर. तिची किंमत फक्त २५० गिनी. तिच्या आईबापांच्या दोन्ही बाजूंना सेंट सायमन होता. ज्या रक्ताचा लोकांनी धसका घेतला होता तेच तिच्यात दाटले होते. तिला ब्लँडफर्ड हा घोडा दिला आणि १९३२ मध्ये बहराम जन्मला. तो नऊ शर्यती धावला व नऊही जिंकला; १९३५ मध्ये डर्बीसह इंग्लंडचा तिहेरी मुकुट त्याने मिळवला. अडीचशे गिनींच्या आईचा हा मुलगा!

मुमताज महलची लेक माह महल. तिला ब्लेनहाइम दिला. या घोड्याने १९३० ची डर्बी आगाखानांसाठी जिंकली होती. त्यांचा मुलगा महमूद करडा आणि अंगाने लहानखुरा होता. जानेवारी १९३६ मध्ये मुंबईत अनुयायांनी आगाखानांची सुवर्णतुला केली आणि त्याच वर्षी महमूदने डर्बी २ मिनिटे ३३.८ सेकंदांत जिंकून विक्रम केला. करड्या रंगाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. हा रंग पिढी ओलांडून येत नाही. आईबापांपैकी निदान एक जण करडा असल्याखेरीज शिंगरू करडे होत नाही. त्यामुळे रॉय हेरोड, टेट्रार्क, मुमताज महल, माह महल, महमूद ही साखळी कागद न वाचताही डोळ्यांना दिसते.

यानंतर आगाखानांनी केलेल्या एका गोष्टीबद्दल इंग्लंडने त्यांना फार बोल लावला. त्यांनी आपले उत्तमोत्तम नर अमेरिकेला विकले. ब्लेनहाइम १९३६ मध्ये गेला, महमूद आणि बहराम १९४० मध्ये. त्या वेळी महायुद्ध पेटले होते आणि आगाखान स्वित्झर्लंडमध्ये होते. पैशाचा प्रश्न खराच होता. पण तीन डर्बीविजेते एकाच मालकाने देशाबाहेर घालवावेत, हे इंग्रजांना जिव्हारी लागले. मला दोन्ही बाजू कळतात. तरी त्याच इंग्लंडने १९१३ पासून अमेरिकन घोड्यांना आपल्या वंशनोंदवहीचे दार लावून घेतले होते. ते १९४९ मध्ये उघडले. स्वतः परके रक्त नाकारायचे आणि आपले बाहेर गेले म्हणून हळहळायचे, हे काही बरोबर वाटत नाही.

अमेरिकेत हे रक्त खरोखरच परके होते आणि तेथे ते फळाला आले. महमूदची मुलगी अल्महमूद. तिची मुलगी नताल्मा. आणि नताल्माच्या पोटी १९६१ मध्ये कॅनडात नॉर्दर्न डान्सर जन्मला. त्याचा मुलगा निजिन्स्की याने १९७० मध्ये इंग्लंडचा तिहेरी मुकुट मिळवला. बहरामनंतर पस्तीस वर्षे तो कुणालाच मिळाला नव्हता. महमूदचा डर्बीचा विक्रम ५९ वर्षे टिकला. १९९५ मध्ये तो मोडला लॅमताराने, आणि हा लॅमतारा निजिन्स्कीचाच मुलगा, म्हणजे महमूदच्याच रक्ताचा!

येथवर वाचताना मी हरखून गेलो होतो. पुढची माहिती वाचून मात्र थबकलो. डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जगभरातील दहा हजारांहून अधिक थरोब्रेड घोड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या काही दशकांत या जातीतील अंतःप्रजनन वाढत चालले आहे, आणि त्या घोड्यांपैकी सुमारे ९७ टक्के घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे एके काळचे परके रक्त आता घरोघरीचे झाले. सेंट सायमनची गोष्ट पुन्हा, पण या वेळी साऱ्या जगभर. मग तगायला परदेश कोणता उरला? अमेरिकेत एका नराकडे वर्षाला १४० हून अधिक घोड्या पाठवू नयेत असा नियम २०२० मध्ये करण्यात आला. पैदास करणारे न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये तो मागे घेतला गेला. आगाखानांसारखा वेगळा हिशेब ठेवणारा कुणी असलाच, तरी त्याने वेगळे रक्त आणायचे कोठून? वहीबाहेरचा घोडा तर चालत नाही. आमच्या घोडीचा बाप कोण हे ठाऊक नाही, म्हणून राइटसाहेबांचे गणित तिच्यापुढे चालत नाही. एवढे ऐकून बाबा हसले आणि खरारा करीत राहिले.

आगाखानांनी १९४८ व १९५२ मध्येही डर्बी जिंकली; एकूण पाच. ११ जुलै १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये ते वारले. त्या वेळी त्यांच्या पैदाशीतली एक वर्षाची करडी शिंगी वाढत होती. नाव पतीत एत्वाल. तिची पणजी माह महल. आणि आजी माह इराण ही माह महलला बहरामपासून झालेली. नऊ हजार शंभर गिनींची घोडी आणि अडीचशे गिनींची घोडी, दोघींचे रक्त येथे एकत्र आले होते. आगाखानांचा देह १९५९ मध्ये इजिप्तमधील आस्वानला नाईलकाठच्या मकबऱ्यात कायमचा ठेवण्यात आला. त्याच वर्षी पतीत एत्वालने त्यांच्या मुलासाठी, अली खानांसाठी, एप्समची ओक्स शर्यत जिंकली.