लिओ फेंडर
क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर (१० ऑगस्ट, १९०९ - २१ मार्च, १९९१) हे विद्युत वाद्ये व ॲम्प्लिफायर घडवणारे अमेरिकन तंत्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे.

वाद्यवृंदात डबल बासचा आवाज दबून जाई. त्यावर त्यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास ही विद्युत बास गिटार आणली. तिचे खर्जाचे स्वर गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरला पेलत नसत. म्हणून १९५२ मध्ये १५ इंची स्पीकर असलेला बासमन आला. पुढे त्यात १० इंची चार स्पीकर बसवले गेले. मोठ्या आवाजात तो फाटे. बासवादकांच्या दृष्टीने हा दोषच. गिटारवादकांनी मात्र त्याच आवाजासाठी बासमन उचलला. इंग्लंडमधील मार्शल यांचा पहिला ॲम्प्लिफायरही बासमनच्याच मंडलरचनेवर बेतलेला होता.

प्रकृतीच्या कारणाने फेंडर यांनी १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएसला विकली.