निस्सीम इझिकेल : नाटकाबाहेर राहिलेला विवाह

निस्सीम इझिकेल यांचा परिचय आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा ‘नाइट ऑफ द स्कॉर्पिअन’ या कवितेपुरताच असतो. नाटककार इझिकेल त्या मानाने दुर्लक्षितच राहिले. विवाह हा त्यांच्या कवितेचा आणि नाटकाचा समान विषय. तथापि ज्यू विवाह कवितेत आला, नाटकात आला नाही. याची कारणे त्यांच्या चरित्रात शोधावी लागतात.

१६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत एका बेने इस्रायल कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, तर आई स्वतःच्या शाळेची मुख्याध्यापिका. कोकणात तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी ते बंद ठेवणारा म्हणून हा समाज ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेला. मराठी ही त्याची भाषा. बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचण्याइतकी ती त्याने आपलीशी केली होती. इझिकेल यांच्या घरात मात्र इंग्रजीने तिची जागा घेतली. या समाजाला शेजाऱ्यांकडून धर्मच्छळ सोसावा लागला नाही. छळ होता तो दूरच्या युरोपात.

त्याची सावली मात्र मुंबईपर्यंत पोहोचत होती. कॅथलिक शाळेत ख्रिस्तहत्येचा ठपका ऐकावा लागल्याची नोंद त्यांनी आत्मचरित्रपर कवितेत केली आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत सिनेगॉग जाळले गेले, तेव्हा त्यांना चौदावे वर्ष चालू होते. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात १९४७ पर्यंत कार्यरत राहिले. ‘चले जाव’च्या काळात फॅसिझमविरोधी युद्धाला पाठिंबा देणारा हा पक्ष होय. या निवडीमागे केवळ ज्यूपण पाहणे सयुक्तिक वाटत नाही. रॉय यांच्या बुद्धिवादाचे आकर्षण तितकेच प्रबळ असावे, आणि तो बुद्धिवाद धर्माचारापासून दूर नेणाराच होता.

१९४८ मध्ये मित्र इब्राहिम अल्काझी यांच्या साहाय्याने ते लंडनला गेले. १९५२ मध्ये ‘अ टाइम टु चेंज’ हा पहिला संग्रह निघाला. त्याच वर्षी मुंबईत डेझी जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या विवाहावर त्यांनी पुढे कविता लिहिली : सिनेगॉगमधील विधी, एकाच पेल्यातून वधूवरांनी घेतलेला द्राक्षरस, फुटलेली काच, टाळ्या. मात्र या साऱ्यात श्रद्धा कितपत होती, असा मिस्कील संशय तीत आहे आणि शेवट आहे तो दहा वर्षांनंतरच्या भांडणाचा.

१९६९ मध्ये ‘थ्री प्लेज’ प्रसिद्ध झाले. त्यातील ‘मॅरेज पोएम’मध्ये हीच कोंडी आहे, परंतु दाम्पत्याची नावे नरेश आणि माला. सिनेगॉग नाही, काच नाही. येथे आर्थर मिलर यांच्या ‘ब्रोकन ग्लास’ (१९९४) या नाटकाची आठवण होते. १९३८ च्या ब्रुकलिनमधील सिल्व्हिया जर्मनीतील अत्याचारांच्या बातम्यांनी झपाटते आणि तिचे पाय लुळे पडतात; तिचा पती मात्र स्वतःच्याच ज्यूपणाबद्दल संकोचून राहतो. दूरचा छळ त्या घरातील मुकेपणाला वाचा फोडतो. इझिकेल यांनी आपले ज्यूपण लपविले, असा आरोप कोणी केल्यास तो टिकणार नाही. कवितेत ते उघड आहे. पण भीतीचा वारसा नसलेल्या समाजातून आल्यामुळे काच फुटण्याचा आवाज त्यांना विनोदाचा वाटू शकला. ही मोकळीक कवितेला मानवली. नाटकाला मात्र ती बाधली, असे माझे मत आहे : नरेश आणि माला यांना मुंबईत कोठेही ठेवता येते, म्हणूनच ती दोघे कोठलीच राहत नाहीत.

उत्तरायुष्यात पतिपत्नी वेगळी राहू लागली. घरात मागे पडलेल्या मराठीकडे ते अनुवादाच्या वाटेने वळले. वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी केलेले इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद १९७४ मध्ये आले. ‘लॅटर-डे साम्स’ला १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.