मादाम क्यूरी आणि रक्तातील राखणदार

अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात छातीचा किंवा मोडलेल्या हाताचा एक्स-रे काढविण्यास आपणांपैकी पुष्कळजण गेले असतील. यंत्र चालू करण्यापूर्वी कर्मचारी आडोशाला जातो, हे सर्वांनी पाहिले असेल. अशा कर्मचाऱ्यांनी छातीवर एक लहानसा बिल्ला लावावयाचा असतो, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांच्या देहावर किती किरण पडले याचा हिशेब त्या बिल्ल्यावरून लागतो. रोग्याने एखाद्या वेळी एक्स-रे काढविला तर भिण्याचे कारण नाही. परंतु ज्याचा तो नित्याचा व्यवसाय, त्यास जपून राहणे भाग आहे. ही सावधगिरी शिकण्याकरिता ज्यांनी आपल्या देहाची किंमत मोजली, त्यांत मादाम मारी क्यूरी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या शोधांची हकीकत बहुतेक पाठ्यपुस्तकांत येते. म्हणून आम्ही येथे त्यांच्या आजाराकडे थोडे अधिक लक्ष पुरविणार आहोत.

सन १८६७ च्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस पोलंडमधील वॉर्सा नगरीत या विदुषीचा जन्म झाला. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. आईस क्षयाने ग्रासले होते. आपला रोग मुलांस लागू नये म्हणून ती माउली त्यांचा मुकाही घेत नसे, असे सांगतात. १८७८ साली ती निवर्तली, तेव्हा मारी अवघ्या दहा वर्षांची होती. क्षय हा जंतूंपासून होणारा रोग आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पोलंडचा तो भाग त्या वेळी रशियाच्या ताब्यात होता आणि वॉर्साच्या विद्यापीठात स्त्रियांस प्रवेश नव्हता. मारीने परक्या घरी मुले शिकविण्याची नोकरी धरली व थोरल्या बहिणीच्या पॅरिसमधील वैद्यकीय शिक्षणास पैसे पुरविले. १८९१ साली ती स्वतः पॅरिसला गेली. पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आणि गणिताच्या परीक्षेत दुसरी आली. १८९५ साली प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला. त्याच वर्षी जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधिले आणि पुढल्या वर्षी बेकरेल यांस युरेनियममधून आपोआप बाहेर पडणारे किरण आढळले. १८९८ साली या दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम ही दोन मूलद्रव्ये जगापुढे आणिली. पुढे एका गळक्या छपरीत पिचब्लेंड नावाच्या खनिजाचे ढीग उकळून, ढवळून, गाळून १९०२ साली रेडियमचा जेमतेम दशांश ग्रॅम क्षार हाती आला. १९०३ आणि १९११ असे दोनदा नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. रेडियम शुद्ध करण्याच्या रीतीवर त्यांनी मालकी हक्क घेतला नाही, ही गोष्ट आम्हास त्या दोन्ही पारितोषिकांहून मोठी वाटते. असो.

रेडियमने कातडी भाजते, हे त्यांस लवकरच कळले. प्येर यांनी मुद्दाम आपल्या दंडावर रेडियम बांधून जखम करून घेतली व ती भरून येण्याची टिपणे ठेविली. १९०४ साली त्यांनी दोघा वैद्यांसह उंदीर व गिनीपिग यांस रेडियममधून निघणाऱ्या वायूत ठेवून पाहिले. ते प्राणी मेले, आणि त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत बदल झालेला दिसला. संकटाची सूचना जणू घरातच मिळाली होती. परंतु १९०६ साली प्येर पॅरिसच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून मरण पावले, आणि प्रयोगशाळेचा सारा भार मादाम क्यूरींवर येऊन पडला.

पांढऱ्या पेशींत बदल झाला म्हणजे काय झाले, हे थोडे समजून घेऊ. आपल्याकडे कांदा लावणारा शेतकरी आधी वाफ्यात रोप करतो. वाफा करपला तर शेतात उभे असलेले पीक त्याच दिवशी मरत नाही. पण पुढच्या लावणीस रोप मिळत नाही. हाडांच्या पोकळीतील मज्जा हा रक्ताचा असाच वाफा होय. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जंतूंवर प्रथम तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींचे आयुष्य मात्र काही तासांचे, फार तर थोड्या दिवसांचे. किरणांनी मज्जा जळाली म्हणजे हे राखणदार आधी संपतात. त्यातच आतड्याचे नाजूक अस्तर झिजते, आणि तेथे जन्मभर निरुपद्रवीपणे राहणारे जंतू रक्तात शिरतात. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे स्फोटातून वाचलेली कित्येक माणसे दोन-चार आठवड्यांनी ताप येऊन, तोंडा-घशात व्रण पडून दगावली, त्याचे एक मोठे कारण हेच होते.

मादाम क्यूरींवर हा घाला एका दिवसात आला नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा त्यांनी एक्स-रे यंत्रे बसविलेल्या सुमारे वीस मोटारी सिद्ध केल्या आणि मुलगी इरेन हिला घेऊन जखमी सैनिकांच्या देहातील गोळ्या हुडकून दिल्या. संरक्षणाची साधने तेव्हा फारच तुटपुंजी होती. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाले, बोटे चरचरू लागली. आपल्या शिष्यांचे रक्त वेळोवेळी तपासले जावे, त्यांनी शिशाच्या आडोशामागून काम करावे, असा त्यांचा कडक नियम होता. स्वतः मात्र त्यांनी तो पाळला नाही. मोठ्या माणसांचे हे वागणे आम्हास कौतुकाचे वाटत नाही.

१९३४ च्या मे महिन्यात अंगात ताप भरला म्हणून त्या प्रयोगशाळेतून घरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. वैद्यांस क्षयाचा संशय आला, आणि आल्प्स पर्वतातील सांसेल्मोझ येथील आरोग्यभुवनात त्यांस नेण्यात आले. तेथे पुन्हा छातीचे एक्स-रे काढिले, क्षय नव्हता. जिनिव्हाहून आलेल्या प्राध्यापकांनी रक्ताच्या तपासण्या ताडून पाहिल्या, तेव्हा तांबड्या व पांढऱ्या दोन्ही पेशी झपाट्याने घटत असल्याचे दिसले. ज्या रोगाने आई गेली तो रोग लेकीस नव्हता. तिची मज्जाच थकली होती. ४ जुलै १९३४ रोजी त्यांनी देह ठेविला. १९९५ साली त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँथेआँ या स्मृतिमंदिरात हलविताना शवपेटीत रेडियमचा अंश अपेक्षेहून पुष्कळ कमी आढळला. त्यावरून युद्धातील एक्स-रेनेच अधिक घात केला असावा, असे तेथील तज्ज्ञांचे मत पडले.

१९५८ साली युगोस्लाव्हियातील एका अणुभट्टीत सहाजणांवर किरणांचा मारा झाला. त्यांस पॅरिसला, क्यूरींच्याच नावाच्या रुग्णालयात आणिले. पाचजणांस दुसऱ्यांची मज्जा देण्यात आली. त्यांपैकी चौघे जगले. मुंबईस परळ येथे १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ पासून मज्जारोपण होऊ लागले. आपल्या जिल्ह्यातूनही कर्करोगाचे रुग्ण तेथे जातात. किरणोपचार चालू असता त्यांचे रक्त वरचेवर तपासतात. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर उपचार काही दिवस थांबवितात, गर्दीत न जाण्यास व शिजविलेलेच अन्न घेण्यास सांगतात, आणि थोडा जरी ताप आला तरी रात्र न काढता दवाखाना गाठावा अशी ताकीद देतात.